ह्रास्तोव्ल्ये : पवित्र त्रैक्याचे चर्च

स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्य भागात, कोपर या बंदरापासून जवळच, रिझाना नदीच्या खोऱ्यातल्या ह्रास्तोव्ल्ये या खेड्यात असलेले मध्ययुगीन चर्च. वास्तू रोमनेस्क शैलीची आणि आकाराने लहान. तिच्या आतील भिंती, कमानी आणि छत व्यापणारी भित्तिचित्रे १४९० मध्ये पूर्ण झाली. त्यांतील ‘मृत्युनृत्य’ हे दृश्य युरोपातील उत्तर मध्ययुगीन चित्रकलेचा महत्त्वाचा नमुना मानले जाते.

वास्तुरचना : चर्च गावाजवळच्या उंचवट्यावर, तटबंदीच्या आत उभे आहे. लांबून आधी तट दिसतो आणि त्याच्यावर डोके काढलेला चौकोनी घंटामनोरा. ही तटबंदी सोळाव्या शतकातली. उस्मानी तुर्कांच्या स्वाऱ्यांची धास्ती होती, तेव्हा गावकऱ्यांना आसरा मिळावा म्हणून ती बांधली गेली.

आतली इमारत जेमतेम १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. भिंती स्थानिक चुनखडकाच्या, छपरावरही दगडी फरश्याच. एवढ्याशा जागेचे खांबांच्या ओळींनी तीन लांबट भाग पाडले आहेत. तिन्हींवर अर्धगोल कमानींचे छत आहे आणि पूर्वेला वेदीसाठी अर्धवर्तुळाकार कोनाडे आहेत. खेड्यातल्या चर्चला सहसा एकच दालन पुरते, इथे मात्र मोठ्या चर्चचा आराखडा लहान मापात उतरवला आहे. खिडक्या थोड्या आणि अरुंद. उजेड कमी मिळतो, पण चित्रकाराला सलग भिंत मिळाली ती त्यामुळेच.

चित्रकार : चित्रे कास्तावच्या योहानची. कास्ताव हे आजच्या क्रोएशियातील रिएका शहराजवळचे गाव. तिथल्या चित्रकारांनी पंधराव्या शतकात इस्त्रिया द्वीपकल्पातली अनेक चर्चे रंगवली. ह्रास्तोव्ल्येचे काम जवळच्या कुबेदचे धर्मगुरू तोमिच व्र्होविच यांनी करवून घेतले. भिंतींवरील लेखनात लॅटिनच्या जोडीला ग्लागोलितिक ही प्राचीन स्लाव्ह लिपीही आढळते. पश्चिम युरोपात उपासनेची भाषा लॅटिन असताना एड्रियाटिकच्या या किनारपट्टीत स्लाव्ह भाषेतली उपासना आणि तिची लिपी टिकून होती. चर्चची भिंत त्याचा पुरावा देते.

चित्रांची मांडणी : मधल्या दालनाच्या छतावर जगाची उत्पत्ती रंगवली आहे. पुढे आदाम आणि हव्वा, त्यांची एदेन बागेतून हकालपट्टी, मग काइन आणि हाबेल, असा क्रम लागतो. वेदीच्या बाजूला पवित्र त्रैक्य आणि प्रेषित आहेत. उत्तरेच्या भिंतीवर बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या मागी राजांचा लवाजमा आहे, दक्षिणेच्या भिंतीवर येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग.

बाजूच्या दालनांच्या छतावर वर्षाचे बारा महिने आले आहेत. महिना ओळखायचा तो त्या त्या वेळच्या कामावरून. थंडीत चुलीपाशी ऊब घेणारा माणूस, वसंताच्या सुरुवातीला द्राक्षवेलींची छाटणी करणारा शेतकरी, ही कामे समोर बसणारे लोक स्वतः करत होते. उत्पत्ती, शेतीचे वर्ष, तारणाची कथा आणि मरण असा काळाचा सगळा पट चित्रकाराने एका छपराखाली आणला. सुट्या चित्रांपेक्षा ही एकसंध मांडणी ह्रास्तोव्ल्येचे खरे वैशिष्ट्य आहे.

मृत्युनृत्य : दक्षिणेच्या भिंतीवर, दुःखसहनाच्या प्रसंगांखाली, साधारण बघणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हे दृश्य पसरले आहे. आसनावर बसलेला मृत्यू उघड्या थडग्याशी वाट पाहतो आहे. त्याच्याकडे अकरा माणसे निघाली आहेत आणि प्रत्येकाचा हात धरून नेणारा एकेक सांगाडा सोबत आहे. पोप, राजा, राणी, कार्डिनल, बिशप यांच्यामागून साधू, धनिक, तरुण अशी माणसे येतात. रांगेत अपंग भिकारी आहे आणि पाळण्यातून उठवलेले तान्हे मूलही आहे. धनिक थैलीत हात घालून सांगाड्याला लाच देऊ पाहतो. सांगाडा त्याचा हात सोडत नाही.

१३४७ नंतरच्या काळ्या मृत्यूने म्हणजे प्लेगने युरोपात गावेच्या गावे ओस पाडली होती. मृत्युनृत्याचा विषय चित्रकलेत रुजला तो त्यानंतरच्या शतकात. पॅरिसमधल्या एका दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये रंगवलेले मृत्युनृत्य सर्वांत गाजले. ते आता उरलेले नाही. ह्रास्तोव्ल्येत तोच विषय अशा लोकांपुढे मांडला गेला, ज्यांनी पोप किंवा राजा प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. राजाला मुकुटावरून आणि पोपला तिहेरी मुकुटावरून ते ओळखायचे, आणि भिकाऱ्याला मात्र त्यांना ओळखावे लागत नव्हते.

शोध आणि जतन : पुढच्या काळात भिंतींवर गिलावा आणि चुन्याचे थर चढले व चित्रे दृष्टीआड गेली. १९४९ मध्ये याच गावचे शिल्पकार योझे पोहलेन यांना ती थरांखाली सापडली. त्यानंतर चुना खरवडून काढून चित्रे मोकळी करण्यात आली. ज्या चुन्याने ती झाकली, त्यानेच त्यांचे धूर आणि हाताळणीपासून रक्षणही केले. काही भागांतले रंग मात्र झिजले आहेत आणि भिंतींवर नंतरच्या लोकांनी कोरून ठेवलेल्या खुणाही दिसतात. चर्चजवळ पोहलेन यांनीच घडवलेला एका श्रमिक बाईचा पुतळा आहे. डोक्यावर ओझे घेऊन इस्त्रियातल्या खेड्यांतून अंडी गोळा करत त्रिएस्तेच्या बाजारात विकायला जाणाऱ्या ‘शावरिन्का’ स्त्रियांचे ते स्मारक.

समांतर उदाहरण : क्रोएशियातील बेराम गावाजवळच्या संत मरियेच्या चर्चमध्ये कास्तावच्याच विन्सेंटने १४७४ मध्ये मृत्युनृत्य रंगवले. तेही चुन्याखाली दडले होते आणि १९१३ मध्ये उजेडात आले. मृत्यूची मिरवणूक, मागींचा लवाजमा आणि येशूचे दुःखसहन हे विषय दोन्ही ठिकाणी येतात, त्यामुळे कास्तावच्या चित्रपरंपरेचा अभ्यास या दोन चर्चांना शेजारी ठेवूनच केला जातो.