भिंतीची शिवण

गवंडी ज्याला ‘दर्जा भरणे’ म्हणतो, त्यातल्या ‘दर्जा’चा मानमरातबाशी काही संबंध नाही. मानाचा दर्जा अरबीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ पायरी. गवंड्याचा शब्द मुळात ‘दरज’, अनेकवचनी ‘दरजा’, आणि तो फारसीचा. फारसीत त्याचा अर्थ शिवण. शिंप्याला ‘दर्जी’ म्हणतात तेही याच शब्दावरून. भाषेच्या हिशेबाने शिंपी आणि गवंडी भाऊबंदच ठरतात. शिंप्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दोरा कापडाहून चिवट असला तर ताण पडल्यावर शिवण टिकते आणि कापड फाटते. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते.

आमच्या जुन्या वाड्याची मागची भिंत पातळ, मऊ भाजलेल्या विटांची आहे. मी शाळेत असताना तिच्या चुन्याच्या दरजा झिजल्या, म्हणून वडिलांनी त्या सिमेंटने भरून घेतल्या. भिंत नव्यासारखी दिसू लागली. तीस-एक वर्षांनी पाहिले, तर दरजा जशाच्या तशा, पण विटांचे तोंड दोन-दोन बोटे आत गेलेले. मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी सिमेंटची जाळी उभी होती. काम वाईट झाले नव्हते. ते फार चांगले झाले होते, आणि घोटाळा तिथेच होता.

चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू आणि विटांची पूड म्हणजे सुरखी घालून घाण्यात मळायचा. आपल्या कित्येक गडांवर या घाण्याचा गोल चर आणि दगडी चाक आजही दिसते. दरजेत भरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीच होतो. मात्र तो विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र राहतो. भिंत जराशी हलली तर भेग दरजेत पडते. भिंतीत मुरलेले पाणी दरजेवाटे बाहेर येते, त्यातले क्षार दरजेवर फुलतात, आणि झिजायचे ते दरज झिजते. सिमेंटने ही वाट बंद केली की पाणी विटेतून बाहेर पडते. क्षारांचे स्फटिक विटेच्या कातडीआड वाढतात आणि पोपडे सुटतात.

झिजणे हेच ज्याचे काम, ते मजबूत असावे असे माणसाला कधीपासून वाटू लागले? याचे उत्तर बरेचसे इंग्लंडात सापडते. 1666 च्या आगीनंतर लंडनमधली घरे विटांची किंवा दगडाची बांधावीत असा कायदा झाला. श्रीमंतांनी दर्शनी भागात, कमानींवर, मऊ विटा घासून इतक्या नेमक्या बसवल्या की दरज एखाद्या रेघेएवढी उरे. हे काम महाग. मग ओबडधोबड विटांवर तोच थाट आणण्याची युक्ती निघाली. दरजा विटेच्याच रंगाच्या चुन्याने सपाट भरायच्या, म्हणजे विटेच्या वेड्यावाकड्या कडा दिसेनाशा होतात. मग त्यात सरळ चर ओढून पांढऱ्या चुन्याची बारीक पट्टी बसवायची आणि तिच्या कडा सुरीने छाटायच्या. या वाकड्या टोकाच्या सुरीला इंग्रज गवंडी ‘फ्रेंचमन’ म्हणत. असे नाव इंग्रजच देऊ जाणे! लांबून पाहणाऱ्याला वाटावे, काय नेमक्या विटा आहेत. दरजेला खरोखरच दर्जा मिळाला, तो असा. डाउनिंग स्ट्रीटच्या दहा नंबरच्या घराची भिंत आपण टीव्हीवर नेहमी पाहतो. तिच्या विटा मूळच्या पिवळ्या. धुराने काळ्या झाल्या होत्या, आणि 1960 च्या दशकातल्या दुरुस्तीनंतर मुद्दाम काळ्या रंगवल्या गेल्या.

हे सोंग खरे, पण निरुपद्रवी. कारण ते चुन्याचे होते.

सिमेंटची गरज समुद्राने निर्माण केली. एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधण्यासाठी जॉन स्मीटनला पाण्यातही घट्ट होणारा चुना हवा होता. 1756 च्या सुमारास त्याने प्रयोग करून पाहिले आणि मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना असा गुण दाखवतो हे शोधले. (सुरखी घालणाऱ्या आपल्या गवंड्याला, आणि वाळूत तिसरा हिस्सा कुटलेली खापरे घालायला सांगणाऱ्या रोमन व्हिट्रुव्हियसला, यातले मर्म अनुभवाने माहीत होते.) पुढे 1824 साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. तो स्वतः विटांचे काम करणारा गवंडी. आजचे सिमेंट त्याच्याहून कितीतरी कडक आहे, पण नाव तेच राहिले. भारतात 1914 साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला. चुना मुरायला दिवस लागतात, सिमेंटला तास. घाणे थांबायला एवढे कारण पुरेसे होते. लाटांशी झुंजणाऱ्या मनोऱ्यासाठी जो गुण शोधला गेला, तो परसातल्या भिंतीवर कशाला हवा, हे विचारायला कोणी उरले नाही.

गेल्या उन्हाळ्यात चुन्याचे काम जाणणारा एक गवंडी मिळाला. चुन्याची दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडायची, भिंत भिजवायची, चुना दाबून भरायचा, आणि पुढे काही दिवस ओली गोणपाटे लावून ठेवायची, एवढेच काम. सिमेंटची दरज मात्र छिन्नीने काढताना विटेची कडा घेऊनच निघते. निम्म्याहून अधिक विटा त्याने बाद ठरवल्या. काही काढून उलट्या बसवल्या, चांगले तोंड बाहेर करून.

वरच्या सात-आठ थरांना त्याने हात लावला नाही. वडिलांच्या वेळी तिथवर शिडी पोहोचली नव्हती. तिथला चुना नखाने खरवडला तर भुगा हातात येतो. विटांच्या कडा अजून धारदार आहेत.