सिरियस : निर्मनुष्य बर्फावरील गस्त

ग्रीनलँडच्या ईशान्य किनाऱ्यावर, उत्तर अक्षांश ७४ अंशांच्या किंचित वर, दानेबोर्ग नावाचे एक छोटे ठाणे आहे. काही लाकडी घरे, एक गोदाम आणि घरांच्या बाहेर साखळ्यांनी बांधलेली कुत्री, एवढाच त्याचा पसारा. डेन्मार्कच्या संरक्षण दलांच्या ‘सिरियस’ या गस्तपथकाचे हे मुख्यालय होय. कुत्र्यांनी ओढावयाच्या स्लेज गाड्यांवरून नियमितपणे व दीर्घ पल्ल्याची लष्करी गस्त घालणारे जगात हे एकच पथक उरले आहे. प्रत्यक्ष गस्तीवर जाणारे सैनिक अवघे बारा. दोघादोघांच्या सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या गाडीला अकरा ते पंधरा कुत्री.

ज्या प्रदेशावर हे बारा जण लक्ष ठेवतात तो ईशान्य ग्रीनलँड राष्ट्रीय उद्यानाचा प्रदेश. १९७४ साली स्थापन झालेले आणि १९८८ साली विस्तारलेले हे उद्यान सुमारे ९ लाख ७२ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठे आहे. त्याचा बहुतांश भाग कायमच्या हिमस्तराखाली गाडलेला असल्यामुळे गस्त असते ती किनाऱ्याची. परंतु हा किनारा सरळ नाही. फ्योर्ड म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या खाड्या. त्यांची वळणे धरली तर किनाऱ्याची लांबी १६ हजार किलोमीटरच्या आसपास जाते. या साऱ्या विस्तारात कायमची मानवी वस्ती नाही. काही हवामान व लष्करी ठाण्यांवरील मोजकी माणसे सोडली तर येथे राहतात ती ध्रुवीय अस्वले, कस्तुरी वृषभ, वॉलरस आणि सील.

मग जेथे कोणी राहतच नाही तेथे पहारा कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर सैनिकी डावपेचांत शोधण्याआधी एका न्यायालयीन निकालात शोधावे लागते.

येथे पूर्वी माणसे होती. १८२३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन डग्लस क्लॅव्हरिंग याला दानेबोर्गच्या समोरच असलेल्या, आज त्याचेच नाव धारण करणाऱ्या बेटावर बारा इनुइटांचा एक समूह भेटला. त्यानंतर या भागात इनुइट वस्ती कोणा युरोपीयाच्या दृष्टीस पडली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे कोल्ह्यांच्या कातड्यांसाठी शिकारी येऊ लागले. काही डॅनिश, काही नॉर्वेजियन. दोन्ही बाजूंनी किनाऱ्यावर लाकडी झोपड्या उभारण्याची जणू चढाओढ लागली. ग्रीनलँड संपूर्णपणे आपले, असे डेन्मार्क म्हणे. पूर्व किनारा कोणाचाच नाही, असे नॉर्वेचे म्हणणे. डेन्मार्कने १९२५ मध्ये याच हेतूने आणखी दक्षिणेस स्कोर्सबिसुंड येथे ग्रीनलँडच्या इनुइट कुटुंबांची वसाहत वसवली. अखेर जुलै १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलँडचा एक पट्टा ताब्यात घेतल्याचे अधिकृतपणे जाहीर केले, आणि डेन्मार्क हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला.

५ एप्रिल १९३३ रोजी न्यायालयाने डेन्मार्कच्या बाजूने निकाल दिला. नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इलेन यांनी १९१९ मध्ये डॅनिश राजदूताला तोंडी दिलेले आश्वासन नॉर्वेवर बंधनकारक आहे, असे त्यात म्हटले होते, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला बहुधा त्या मुद्द्यासाठीच शिकवला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र दुसरा मुद्दा अधिक मोलाचा आहे. सार्वभौमत्वाचा दावा करणाऱ्या राज्याने ते गाजवण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष कृती अशा दोन्ही गोष्टी दाखवल्या पाहिजेत. मात्र विरळ वस्तीच्या किंवा निर्मनुष्य प्रदेशात, अन्य कोणाचा दावा अधिक बळकट नसेल तर, फार थोडी कृतीही पुरेशी ठरते, असे न्यायालयाने मानले. ‘फार थोडी’ म्हणजे शून्य नव्हे. कोणीतरी जावे लागते, फिरावे लागते, आणि ते गेले होते याची खूण राहावी लागते. आजच्या स्लेज गस्तीचा खरा अर्थ येथे आहे.

पथकाचा जन्म मात्र युद्धातला. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. ग्रीनलँड मायदेशापासून तुटले. बरोबर एक वर्षाने वॉशिंग्टनमधील डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमान यांनी स्वतःच्या जबाबदारीवर अमेरिकेशी ग्रीनलँडच्या संरक्षणाचा करार केला. पण ईशान्येचा तो निर्जन किनारा अमेरिकेच्या तळांपासूनही फार दूर होता. युरोपातील हवामान मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. त्यामुळे ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर आज काय घडते आहे हे ज्याला कळते, त्याला उत्तर अटलांटिकवर आणि युरोपवर उद्या काय घडेल याचा अंदाज बांधता येतो. पाणबुड्यांना आणि विमानांना हीच माहिती हवी होती. जर्मन तुकड्या गुप्त हवामान केंद्रे उभारण्यासाठी या किनाऱ्यावर येणार, हे उघड होते. ग्रीनलँडचे प्रशासक एस्के ब्रून यांनी १९४१ मध्ये तेथील डॅनिश व नॉर्वेजियन शिकारी आणि ग्रीनलँडचे रहिवासी यांतून निवडक माणसे घेऊन स्लेज गस्तपथक उभे केले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या झोपड्या परस्परविरोधी दाव्यांचे पुरावे होत्या, ते शिकारी आता एकाच कामाला लागले.

भीती खरी ठरली. १९४२ च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट हेर्मान रिटर यांच्या नेतृत्वाखालील जर्मन तुकडी ‘साक्सेन’ या जहाजातून सबीन बेटावर उतरली व तिने तेथे हवामान केंद्र थाटले. ११ मार्च १९४३ रोजी मारियुस येन्सन आणि त्याचे दोन ग्रीनलँडर सहकारी तेथवर पोहोचले तेव्हा त्यांना परक्यांचा मागमूस लागला. पण जर्मनांनाही त्यांचा सुगावा लागला होता. गाड्या व कुत्री मागे टाकून तिघांना पायी एस्किमोनेसचे ठाणे गाठावे लागले.

यानंतरचा एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. गस्तीवरील माणसे सैनिक नव्हती. शत्रूच्या हाती सापडल्यास त्यांना युद्धकैदी न मानता बेकायदा बंदूकधारी मानले जाण्याचा धोका होता. म्हणून ब्रून यांनी या मूठभर शिकाऱ्यांना ग्रीनलँडचे सैन्य म्हणून मान्यता दिली व त्यांचे प्रमुख इब पोल्सन यांना कॅप्टनचा हुद्दा दिला. जगातील सर्वांत लहान सैन्यांपैकी एक असे बिनतारी संदेशांतून जन्माला आले.

२३ मार्चच्या रात्री जर्मनांनी मशीनगनसह एस्किमोनेसवर हल्ला केला. शिकारीच्या बंदुकांनिशी प्रतिकार शक्य नव्हता. पोल्सन अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फात निसटले आणि ठाणे जाळले गेले. तीन दिवसांनी सँडोडन येथे, म्हणजे आजच्या दानेबोर्गच्याच जागी, आपल्या गाडीवरून येत असलेला एली क्नुडसन हा गस्तवाला जर्मनांच्या गोळीबारात मारला गेला. पुढील घटना एखाद्या कादंबरीत आली असती तर अतिरंजित वाटली असती. पकडलेल्या येन्सनला रिटर यांनी आपल्यासोबत प्रवासाला नेले. वाटेत येन्सनने त्यांनाच नि:शस्त्र करून कैद केले आणि शेकडो किलोमीटरचा बर्फ तुडवत स्कोर्सबिसुंडला आणून हजर केले. २५ मे १९४३ रोजी अमेरिकी विमानांनी सबीन बेटावरील केंद्रावर बॉम्बफेक केली. पुढील वर्षीच्या एप्रिलमध्ये शॅनन बेटावर आलेल्या दुसऱ्या जर्मन तुकडीवर गस्तपथक स्वतःच चालून गेले.

युद्ध संपल्यावर पथक विसर्जित झाले. शीतयुद्धाच्या सावलीत १९५० मध्ये ते ‘रेझोलुट’ या नावाने पुन्हा उभारले गेले आणि १९५३ पासून त्याला सिरियस हे नाव मिळाले. सिरियस म्हणजे आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा, आपला व्याध. ग्रीकांनी त्याला मृगातील शिकाऱ्याचा कुत्रा मानले, तर आपल्या पूर्वजांनी शिकारीच. गमतीचा भाग असा की व्याध हा खगोलाच्या दक्षिणार्धातील तारा असल्यामुळे पणजीच्या आकाशात तो हिवाळ्यात चांगला वर चढतो, पण दानेबोर्गच्या अक्षांशावर तो जवळजवळ क्षितिजाखालीच राहतो. ज्याचे नाव घेतले त्याचे दर्शन पथकाला आपल्या मुख्यालयातून होत नाही.

पथकात येणारा सैनिक डेन्मार्कच्या सशस्त्र दलांतून निवडला जातो. आधी मायदेशी काही महिने प्रशिक्षण : बिनतारी यंत्र, प्रथमोपचार, कुत्र्यांचे औषधपाणी, शिवणकामदेखील. मग सलग सव्वीस महिने ग्रीनलँडमध्ये, आणि त्यात घरी जाण्याची रजा नाही. दरवर्षी निम्मी माणसे बदलतात, त्यामुळे प्रत्येक जोडीत एक जण दुसऱ्या वर्षाचा व एक नवखा असतो. लेखी नियमावली कितीही जाडजूड असली तरी खरी विद्या या जोडीतूनच पुढे जाते : कोणता बर्फ भार पेलेल, वादळात तंबू कसा उभारावा, भांडणाऱ्या कुत्र्यांमध्ये केव्हा पडावे आणि केव्हा पडू नये.

गस्तीचे दोन हंगाम असतात. समुद्र गोठला की शरद ऋतूतील फेरी सुरू होऊन नाताळाच्या आसपास संपते. दुसरी, मोठी फेरी जानेवारीच्या अखेरीपासून जूनपर्यंत चालते. मधल्या काळात सुमारे तीन महिने सूर्य उगवतच नाही. तापमान उणे ५० अंशांच्याही खाली जाऊ शकते. साडेतीनशे ते पाचशे किलो ओझे लादलेली गाडी दिवसाला साधारण ३० किलोमीटर कापते. गाडी सैनिकांनी स्वतः लाकडाची बांधलेली असते, कारण तिचे सांधे दोरीने आवळलेले असले तर ती उंचसखल बर्फावर लवचीक राहते, आणि मोडली तर वाटेतच दुरुस्त करता येते. शस्त्रांच्या बाबतीतही हाच विचार दिसतो : पहिल्या महायुद्धाच्या काळातील घडणीची एनफील्ड रायफल येथे दीर्घकाळ टिकून राहिली आहे, कारण तिची साधी यंत्रणा कडाक्याच्या थंडीत दगा देत नाही. सोबतचे पिस्तूल मुख्यत्वे अस्वलापासून बचावासाठी असते.

यंत्रयुगात कुत्री कशाला, हा प्रश्न सिरियसला नेहमी विचारला जातो. स्नोमोबाइलला इंधन लागते, आणि हजार किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला इंधनाचा साठा ठेवणे हीच एक मोठी मोहीम होऊन बसते. यंत्राचा एक भाग निकामी झाला की सारे यंत्र थांबते. तेरांतील एक कुत्रा लंगडला तर बारा गाडी ओढतात. कुत्री रात्री अस्वलाची चाहूल देतात. कॅनडाच्या पोलीस दलाने १९६९ मध्ये आपली शेवटची कुत्र्यांची गस्त काढून यंत्रांकडे मोर्चा वळवला, परंतु त्यांच्या वाटेवर वस्त्या होत्या. येथे नाहीत. भावनेचा किंवा परंपरेच्या अभिमानाचा भाग मुळीच नाही असे म्हणता येणार नाही, तथापि तो निर्णायक नाही.

ही कुत्री ग्रीनलँडच्या देशी जातीची. बारा महिने उघड्यावर झोपणारी, गळ्यात पडण्यापेक्षा ओढण्यात रस असणारी. या जातीचे रक्त शुद्ध राहावे म्हणून ग्रीनलँडच्या कायद्याने संपूर्ण पूर्व किनाऱ्यावर आणि पश्चिम किनाऱ्याच्या आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडील भागात अन्य जातीची कुत्री आणण्यास मनाई केली आहे.

वाटेत मुक्कामासाठी पन्नासहून अधिक झोपड्या आहेत. त्यांतील कित्येक त्याच जुन्या डॅनिश-नॉर्वेजियन स्पर्धेच्या काळातील. उन्हाळ्यात विमाने व बोटींनी त्यांत आणि अन्य साठ्यांत अन्नधान्य व कुत्र्यांचे खाद्य पोहोचवले जाते. किनाऱ्याच्या काही भागांत गस्त दरवर्षी जाते, बाकीच्यांत तीन-चार वर्षांतून एकदा तरी. राष्ट्रीय उद्यानात पोलिसांचे अधिकारही या सैनिकांकडेच असल्यामुळे संशोधक व गिर्यारोहकांचे परवाने तपासणे हे त्यांचे नित्याचे काम. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘ओशन एक्सप्लोरर’ हे पर्यटन जहाज २०६ जणांसह आल्पेफ्योर्डमध्ये गाळात रुतले, तेव्हा नौदलाची गस्तनौका पोहोचण्यास काही दिवस लागणार होते. जहाजावर जाऊन प्रवाशांची विचारपूस करणारे पहिले सरकारी प्रतिनिधी सिरियसचेच होते.

डेन्मार्कमध्ये या पथकाला जी प्रतिष्ठा आहे तिच्यात राजघराण्याचाही वाटा आहे. पथकाच्या पन्नासाव्या वर्षी, २००० मध्ये, तत्कालीन युवराज फ्रेडरिक चार महिन्यांच्या स्लेज मोहिमेत सहभागी झाले होते. जानेवारी २०२४ पासून ते डेन्मार्कचे राजे आहेत. ग्रीनलँडला २००९ पासून व्यापक स्वशासन मिळाले असले तरी संरक्षण कोपनहेगनकडेच आहे, आणि ग्रीनलँडच्या राजकारणात या विभागणीबद्दल मतभेद आहेत, ही बाजूही विसरता येणार नाही.

अमेरिकेच्या अध्यक्षपदी पुन्हा निवडून आलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीनलँडच्या मालकीची गरज पुन्हा बोलून दाखवली. त्याच सुमारास डेन्मार्कने आर्क्टिकच्या संरक्षणासाठी नवी तरतूद जाहीर केली; तीत दोन गस्ती जहाजे, दोन दूरपल्ल्याचे ड्रोन आणि सिरियससाठी दोन वाढीव स्लेज जोड्या होत्या. जानेवारी २०२६ मध्ये ट्रम्प यांनी याचीच थट्टा केली : डेन्मार्कने सुरक्षा वाढवली म्हणे, आणखी एक कुत्र्यांची गाडी आणून! क्षेपणास्त्रे व पाणबुड्यांच्या हिशेबात हा टोला बिनतोड वाटतो, आणि बारा माणसे कोणत्याही महासत्तेचे आक्रमण रोखू शकणार नाहीत हे डॅनिश सेनाधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण १९४३ मध्येही पथकाचे काम आक्रमण रोखण्याचे नव्हते, ते पाहण्याचे व कळवण्याचे होते; आणि हेगच्या न्यायाधीशांनी तोफांची संख्या विचारली नव्हती.

नव्या जोड्या केवळ जाहीर केल्याने उभ्या राहत नाहीत. प्रत्येक जोडीसाठी आणखी दोन माणसे निवडून शिकवावी लागतात, डझनभर पिल्ले वाढवून ओढायला लावावी लागतात, आणि त्या नवख्यांसोबत पहिल्या हिवाळ्यात जाण्यासाठी वाट ठाऊक असलेला एक जुना गडी दानेबोर्गला असावा लागतो.