विद्युत रोध व विद्युत शक्ती यांचे गणन
विद्युत परिपथातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधील विभवांतर आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा मोजल्यास त्या घटकाचा रोध व त्यात दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, म्हणजेच विद्युत शक्ती, काढता येते. विजेची उपकरणे, घरातील वायरिंग आणि वीजवाहक तारा यांची निवड या गणनावर आधारलेली असते.

सूत्रे

रोध (ओहम) = विभवांतर (व्होल्ट) ÷ धारा (अँपिअर)
शक्ती (वॅट) = विभवांतर × धारा

पहिल्या सूत्रामागील नियम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला. दोन्ही सूत्रे एकत्र केल्यास शक्ती = धारा² × रोध, तसेच शक्ती = विभवांतर² ÷ रोध अशी रूपे मिळतात. उदाहरणार्थ, २३० व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेणाऱ्या हीटरचा रोध ४६ ओहम, तर शक्ती १,१५० वॅट असते. रोध तोच राहून विभवांतर २०७ व्होल्टपर्यंत उतरल्यास धारा ४.५ अँपिअर व शक्ती सुमारे ९३२ वॅट होते. विभवांतरात १० टक्के घट झाली, तर शक्तीत १९ टक्के घट होते.

बोरघाटातील उदाहरण

लोणावळा व कर्जतदरम्यानच्या बोरघाटात रेल्वेमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असून गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. हा मार्ग मूळ १,५०० व्होल्ट दिष्ट धारेवर विद्युतीकृत झाला होता. पुढे तेथे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारा आली.

समजा, उपकेंद्रातून ३० लाख वॅट शक्ती घेतली जाते आणि तारा व रूळ मिळून रोध ०.०५ ओहम आहे. १,५०० व्होल्टवर धारा २,००० अँपिअर होते. मार्गात १०० व्होल्ट खर्ची पडतात आणि २ लाख वॅट शक्तीची उष्णता होते. २५,००० व्होल्टवर धारा केवळ १२० अँपिअर व ऱ्हास ७२० वॅट इतकाच राहतो. (तुलनेसाठी रोध समान धरला असून प्रत्यावर्ती धारेचे इतर परिणाम वगळले आहेत.) मावळातील शिरवता, वळवण व लोणावळा तलावांच्या पाण्यावर चालणाऱ्या खोपोली जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईला उच्च विभवावर पाठवली जाऊ लागली, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

सामान्य चूक

तारेतील ऱ्हास काढताना विभवांतर² ÷ रोध या सूत्रात पुरवठ्याचे विभवांतर घालणे चुकीचे आहे. वरील उदाहरणात १,५०० व्होल्ट घातल्यास उत्तर साडेचार कोटी वॅट, म्हणजे पुरवलेल्या शक्तीच्या पंधरापट येते. सूत्रात तारेच्याच टोकांमधील विभवांतर, म्हणजे १०० व्होल्ट, घ्यावे लागते.

मर्यादा

बल्बच्या तंतूचा रोध तापमानासोबत वाढतो. त्यामुळे थंड बल्बच्या रोधावरून पेटलेल्या बल्बची शक्ती मिळत नाही. फिरणाऱ्या मोटरमध्ये पुरवठ्याला विरोध करणारे विभव निर्माण होते. तेथे विभवांतर भागिले धारा म्हणजे वेटोळ्याचा रोध नव्हे. प्रत्यावर्ती धारेच्या मोटरची शक्ती काढताना विभवांतर व धारेच्या गुणाकाराला शक्तिगुणकानेही गुणावे लागते.