बामियानचा रिकामा कोनाडा

भग्न वास्तूवर रात्री दिव्यांचे झोत टाकून तिची कथा सांगावी, ही कल्पना फार जुनी नाही. फ्रान्समधील शांबोरच्या राजवाड्यावर १९५२ साली पॉल रोबेर-उदँ या गृहस्थाने असा पहिला प्रयोग केला. हे गृहस्थ एका नामांकित जादूगाराच्या घराण्यातले होते, हे ऐकून कोणाला नवल वाटू नये. पुढे अथेन्सचा अ‍ॅक्रोपोलिस झाला, गिझाचे पिरॅमिड झाले. दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ साली असा कार्यक्रम सुरू झाला, आणि आपल्यापैकी कित्येकांनी तो थंडीत कुडकुडत पाहिलाही असेल. या सगळ्या ठिकाणी भिंत उभी होती आणि प्रकाश तिच्यावर पडत होता. मला आज ज्या प्रयोगाविषयी बोलायचे आहे, तेथे दाखवायची वस्तूच उरलेली नव्हती.

अफगाणिस्तानात हिंदुकुशाच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर बामियानचे खोरे आहे. हिंदुस्थान, इराण आणि चीन यांना जोडणारे व्यापारी तांडे या वाटेने जात. खोऱ्याच्या उत्तरेस जो उभा कडा आहे, त्यात शेकडो गुहा खोदलेल्या आहेत, आणि त्या गुहांच्या रांगेत बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती होत्या. एक ३८ मीटरांची, दुसरी ५५ मीटरांची. आपल्याकडे कोनाडा म्हटले की पणती ठेवायची जागा डोळ्यांपुढे येते. येथला कोनाडा एखादी उंच इमारत पोटात घेईल एवढा.

या मूर्ती निखळ दगडाच्या होत्या, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः कड्यातून कोरून काढला होता तो केवळ स्थूल आकार. त्यावर माती आणि पेंढ्याचा लेप देऊन चिवराच्या चुण्या घडवल्या होत्या, वर गिलावा होता आणि गिलाव्यावर रंग. मूर्ती फुटल्यावर जे तुकडे हाती आले, त्यांतील पेंढ्याची व लाकडाची कार्बन पद्धतीने तपासणी झाली, आणि लहान मूर्ती सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, तर मोठी सहाव्याच्या अखेरीस किंवा सातव्याच्या पूर्वार्धात घडलेली, असे ठरले. म्हणजे इ. स. ६३० च्या सुमारास ह्युएन त्संग तेथे पोचला, तेव्हा मोठी मूर्ती बहुधा नवीच होती. मोठीचा सोनेरी रंग डोळे दिपवतो असे त्याने लिहिले, आणि लहान मूर्ती तर धातूची ओतीव आहे असे त्याला वाटले. एवढ्या चौकस प्रवाशाला माती ही धातू भासावी! दहाबारा वर्षांनी हाच यात्रेकरू पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि येथल्या डोंगरातील लेण्यांचेही वर्णन करून गेला. अजिंठा आणि बामियान यांचा संबंध जोडणारा हा एक साक्षीदार.

पुढे खोऱ्यातला बौद्ध धर्म लोपला, पण मूर्ती राहिल्या. १२२१ साली चंगीझखानाने खोऱ्यातील माणसे कापून काढली. मूर्ती तरीही राहिल्या. त्यांचे चेहरे मात्र फार पूर्वीच गेलेले होते. आज तेथे वस्ती आहे ती मुख्यतः हजारा लोकांची, शिया पंथी मुसलमानांची. बुद्ध कोण हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी मोठ्या मूर्तीला सलसाल आणि लहानीला शाहमामा अशी नावे दिली आणि दोघांची एक प्रेमकथा रचली. परक्या धर्माची मूर्ती लोक आपलीशी करतात ती अशी. १९६९ ते १९७७ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ तेथे जाऊन या मूर्तींची डागडुजी करीत होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

ज्या मुल्ला उमरने १९९९ साली मूर्तींना धक्का लावू नये असे फर्मावले होते, त्यानेच २६ फेब्रुवारी २००१ रोजी त्या नष्ट करण्याचा हुकूम काढला. तोफांनी काम भागेना. मग सुरुंग आणले, आणि गावातल्याच माणसांना धाकदपटशाने दोरांवर लोंबकळत ठेवून ते कड्यात ठासून घेतले. ज्यांची प्रेमकथा, त्यांच्याच हातून! मूर्ती गेल्या याहून ही गोष्ट मला अधिक भयंकर वाटते.

त्यानंतर वाद सुरू झाला, मूर्ती पुन्हा उभाराव्यात काय? गावकऱ्यांपैकी अनेकांना त्या हव्या होत्या. पण १९६४ च्या व्हेनिस सनदेने असा दंडक घातला आहे की, भग्नावशेषाचे मूळ तुकडे जुळवावेत, नवे रचू नये. येथे तर बराचसा भाग भुकटी होऊन गेला होता. काही जर्मन तज्ज्ञांनी लहान मूर्तीच्या पायांच्या जागी नवे बांधकाम आरंभले, तेव्हा युनेस्कोने ते बंद करायला लावले. कोनाडे रिकामेच राहिले.

आणि २०१५ च्या जून महिन्यात, ६ आणि ७ तारखेच्या रात्री, मोठ्या कोनाड्यात बुद्ध पुन्हा उभा राहिला. झँग शिन्यू आणि लिआंग हाँग हे चिनी दांपत्य सरकारची व युनेस्कोची परवानगी घेऊन आपला प्रोजेक्टर तेथे घेऊन आले होते. यंत्राची किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास. वृत्तपत्रांनी याला ‘होलोग्राम’ म्हटले, पण तो शब्द सैल आहे. प्रकाशचित्राला पडदा लागतो, आणि येथे पडदा होता मूर्ती उखडून गेल्यावर उरलेला खडकाचा ओबडधोबड व्रण. म्हणजे ज्या जखमेमुळे मूर्ती नाहीशी झाली, तिच्यावाचून ती दिसलीही नसती. एक खिळा ठोकावा लागला नाही, एक वीट रचावी लागली नाही. दिवा मालवताच सुरुंगाची खूण जशीच्या तशी समोर. पुनर्बांधणी झाली असती, तर ती खूण झाकली गेली असती आणि पन्नास वर्षांनी येथे काय झाले ते सांगायला कडा साक्षीला राहिला नसता. म्हणून हा क्षणभंगुर उपाय मला सिमेंटच्या बुद्धापेक्षा प्रामाणिक वाटतो.

एक शंका मात्र उरते. कोणता बुद्ध दाखवायचा? तुकड्यांवरील रंगांचा अभ्यास म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात झाला, तेव्हा असे आढळले की मूर्ती वेळोवेळी निराळ्या रंगांत रंगवल्या जात होत्या. अकराव्या शतकातले मुसलमान लेखक तर त्यांना ‘लाल बुत’ आणि ‘धवल बुत’ म्हणूनच ओळखत. सिमेंटच्या मूर्तीला यांतला एकच रंग निवडावा लागेल. प्रकाशाला आज सोनेरी आणि उद्या लाल होता येते, आणि चेहरा कोराही ठेवता येतो.

ते यंत्र चिनी दांपत्याने गावाला देऊन टाकले. पण बामियानमध्ये विजेची वानवा, आणि जनरेटरला डिझेल लागते. तेव्हा ते विशेष प्रसंगीच बाहेर निघे. ९ मार्च २०२१ रोजी, विध्वंसाला वीस वर्षे झाली त्या रात्री, गावकरी कंदील घेऊन कड्याखाली जमले आणि सलसाल पुन्हा एकदा कोनाड्यात उजळला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तालिबान परत आले. पुढच्या काळात त्यांचेच पहारेकरी त्या कोनाड्यांपाशी बसू लागले, आणि पाहायला येणाऱ्यांना तिकिटे फाडून देऊ लागले.