मोरसचा डोंगर आणि काळसूची अट



आमच्या आजेसासूबाई पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायच्या. "मोरस संपली, गूळ घाल चहात." आम्हाला वाटायचं, हा त्यांचा काहीतरी आपला घरगुती शब्द असेल. बऱ्याच वर्षांनी कळलं की मोरस म्हणजे मॉरिशस. एके काळी त्या बेटावरची साखर बोटीनं मुंबईला यायची आणि गावाचंच नाव मालाला पडलं. साखरेचं नाव आपल्या स्वयंपाकघरात राहिलं, पण ती साखर पिकवायला आपल्याकडची जी माणसं बोटीत बसून गेली, त्यांची नावं आपण विसरलो. आज त्या माणसांबद्दल बोलायचं आहे. आणि एका डोंगराबद्दल. खरं तर दोन डोंगरांबद्दल.

आमची एक चुलत नणंद पुण्याला शिकायला होती. तिच्या वर्गात मॉरिशसचा एक मुलगा होता, घरचा मराठी. पुढे लग्न झालं आणि ती तिकडे गेली. गेली सात वर्षं "या, या" चालू होतं. आमच्या बचत गटांच्या कामातून सुट्टी निघेना, आणि खरं सांगायचं तर पैसाही निघेना. शेवटी तिकिटं त्यांनीच काढली. मागच्या मे महिन्यात सासूबाई, आमचे हे, मुलगी आणि आम्ही असे चौघं निघालो. कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई, आणि मुंबईहून सहा-साडेसहा तासांत बेटावर. घड्याळ दीड तास मागे लावायचं, की झालं.

विमानातून खाली पाहिलं तर सगळा ऊस. मे महिना असल्यामुळे तोड अजून सुरू व्हायची होती, तुरे आले होते. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन ऊसच बघायचा होता का गं!"

तर हा ऊस तिथं कसा आला आणि आपली माणसं त्यात कशी गेली, ते आधी थोडक्यात सांगतो. मॉरिशसमध्ये मळ्यांवर काम करायला आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेले गुलाम होते. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, म्हणून त्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिलं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. त्यानंतर जवळजवळ पाच लाख माणसं या वाटेनं गेली. काही तिथून आणखी पुढे पाठवली गेली, बरीचशी तिथंच राहिली. बहुतेक जण बिहार आणि मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानानं थोडे, आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे पुष्कळ. घाटावरचेही काही होते.

करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा. ऐकायला बरं वाटतं. पण एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना 'खाडा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुकादम, उचल, खाडा. तिथंही गावाकडे येऊन माणसं गोळा करून नेणारा मुकादम होता, त्याला 'सरदार' म्हणायचे. मळा सोडून कुणी निघून गेलं तर तो पळपुटा ठरायचा. पोलीस पकडून आणायचे, तुरुंगात टाकायचे. १८६७ च्या कायद्यानं तर करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी या छळाविरुद्ध अर्ज केला. तो लिहून द्यायला आदोल्फ द प्लेवित्झ नावाचा एक गोरा माणूस पुढे आला. मळेवाले त्याच्यावर चवताळले, पण विलायतेहून चौकशी आयोग आलाच. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे आम्ही कधी वाचलं नाही.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्या थळ घाटात बोगदे खणले जात होते. १ जानेवारी १८६५ ला कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत गाडी आली. म्हणजे एकीकडे हजारो हात इथला कातळ फोडत होते आणि दुसरीकडे मुंबईच्या धक्क्यावरून बोटी भरत होत्या. पोटासाठी घर सोडलेल्या माणसानं कुठं वळायचं, हे पुष्कळदा कोण मुकादम भेटला त्यावरच ठरत असणार, असं आम्हाला वाटतं.

पोर्ट लुईला ते उतरायचे ती जागा आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवली. तिला आता 'आप्रवासी घाट' म्हणतात, पूर्वी 'कुली घाट' म्हणत. २००६ पासून ती जागतिक वारसा आहे. घाट म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे बोगदे आणि वळणं आली होती, पण तिथं पाण्याकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, थोड्याशाच. नणंदेच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्यांनी पायऱ्यांना हात लावून तो कपाळाला लावला. मग आमच्या सासूबाईंनीही लावला.

विहीणबाईंचं मराठी आम्हाला फार आवडलं. घरात सगळे क्रिओल बोलतात, पण त्यांनी आजीकडून ऐकलेले शब्द जपून ठेवलेत. मध्येच एखादा कोकणी हेल, मध्येच फ्रेंच. बेटावर मराठी लोक वीसेक हजार असतील. शाळेत मराठी शिकवतात, नाटकांच्या स्पर्धा होतात, तिथल्या रेडिओवर मराठी कार्यक्रम लागतो. (हे ऐकून आमच्या केंद्रावरच्या मुलींना फार आनंद झाला.) हेन्रिएटा गावी एका मराठी घरात १८९६ ला गणपती बसला असं सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. आडनावं मात्र हरवली. मूळ मजुराचं जे पहिलं नाव लिहिलं गेलं, तेच पुढे आडनाव झालं. त्यामुळे कुळ, गाव काही लागत नाही.

विहीणबाईंकडे एक कागद आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत, त्यातून त्यांच्या मुलानं काढून आणलेला. घराण्यातल्या पहिल्या बाईची नोंद. तिच्या नावाच्या आधी तिचा नंबर. मग वय २०, उंची, जहाजाचं नाव. गावाचं नाव असं काही लिहिलंय की कुणाला वाचता येत नाही. फोटो नाही, कारण ती आली तेव्हा फोटो काढत नसत. आणि शेवटी 'डाव्या हातावर खूण' एवढंच. विहीणबाई म्हणाल्या, जखम असेल, किंवा भाजलं असेल. आमच्या सासूबाईंनी कागद ऐकून घेतला आणि काही न बोलता स्वतःची बाही वर केली. डाव्या हातावर त्यांचं हिरवं गोंदण आहे, तुळशीचं. "हे असणार," म्हणाल्या. विहीणबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. दोघी बराच वेळ तशाच बसल्या होत्या.

आता डोंगराकडे येतो. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला 'ल मोर्न' नावाचा एक सुळका थेट समुद्रातून उठल्यासारखा उभा आहे. उंची ५५६ मीटर. रविवारी सगळ्या घरानं मिळून तिथं चढायचं ठरलं होतं, मोठी-लहान मिळून अकरा माणसं. आमच्या ह्यांना हसू आलं. आपलं इगतपुरी गावच समुद्रापासून जवळपास ६०० मीटरवर, आणि कळसूबाई १,६४६ मीटर. "हा डोंगर म्हणजे आपला ओटा," म्हणाले. त्यांचा हा ओटा नंतर चांगलाच अंगाशी आला.

पहाटे निघालो. पहिला टप्पा रुंद वाटेचा, झाडीतून जाणारा. कातळ पाहिला तर काळा, आपल्यासारखाच. आमच्या नणंदेनं एक गंमत सांगितली, पुण्यात शिकलेली. भूशास्त्रज्ञांचं म्हणणं असं आहे की जमिनीच्या पोटातल्या ज्या एका तप्त जागेतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उसळून आपला सह्याद्री झाला, त्याच जागेतून पुढे, फार पुढे, मॉरिशस झालं. चूल एका जागी राहिली आणि तवा सरकत गेला. शेजारच्या रियुनियन बेटावर ती चूल अजून पेटलेली आहे. म्हणजे माणसांच्या आधी डोंगरांचीच सोयरीक.

पण या डोंगराची खरी गोष्ट आपल्या माणसांची नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. गुलामीच्या काळात मळ्यांवरून पळालेले लोक या कड्यांच्या कपारीत लपून राहायचे. तिथले लोक सांगतात, गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा वरच्यांना वाटलं धरायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये हा डोंगरही जागतिक वारसा झाला. आमचा वाटाड्या क्रिओल मुलगा होता, त्याच गुलामांच्या वंशातला. नणंद त्याचं बोलणं आम्हाला सांगत होती. मध्येच ती थांबली. आम्ही म्हटलं, सांग की. तो म्हणाला होता, "आमचे लोक सुटले आणि मजुरी मागायला लागले, तेव्हा मालकांनी तुमचे लोक आणले."

यावर काय बोलणार? खरंच होतं ते. आपण परदेशातल्या आपल्या माणसांच्या कष्टाचं कौतुक करतो, बेटाचं नंदनवन केलं म्हणतो. पण ते कष्ट स्वस्तात मिळाले म्हणून दुसऱ्या कुणाची तरी मजुरी पडली, हेही त्याच वहीत लिहिलेलं आहे. आपल्या द्राक्षबागांत बाहेरून टोळी आली की गावच्या बायांचा रोज कसा उतरतो, हे आमच्या गटातल्या बायांना नीट माहीत आहे. टोळीतल्या बाईचा त्यात दोष नसतो, तरी रोज उतरतो.

अर्ध्या वाटेवर एक मोकळा कठडा आहे. खाली निळंहिरवं पाणी. तिथून पुढे चढ अंगावर येतो, दोर धरून कातळ चढायचा. दोन्ही विहिणी तिथंच बसल्या. आम्ही दोर धरून थोडं वर गेलो, पाय लटपटले, आणि मुलीला बापाबरोबर पुढे पाठवून आम्हीही खाली येऊन त्यांच्याजवळ टेकलो. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत हो, तिथं अशी फजिती होत नाही.

सासूबाई तेव्हा काळसूचीच गोष्ट सांगत होत्या. तुम्हाला ठाऊकच आहे. काळसू पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून, की ठरलं आहे त्यापलीकडचं काम सांगायचं नाही. ठरलेलं काम कोणतं, हे सांगणारणीगणिक बदलतं, पण अट सगळ्याजणी सांगतात. एक दिवस पाटलाच्या घरच्यांनी अट मोडली. तशी ती उठली, घर सोडलं आणि डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. तिथंच तिचं देऊळ, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेवर. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. नवरात्रात बाया अनवाणी चढतात.

विहीणबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तिला धरून आणायला कोण गेलं नाही?"

आम्ही लहानपणापासून ही गोष्ट ऐकली. शेकडो वेळा कळसूबाई चढलो, गटांच्या सहली नेल्या. हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. कामाची अट मोडली म्हणून बाई निघून गेली, तर तिला पकडायला कुणी येणार, हे ज्यांच्या घरात चार-पाच पिढ्या सांगितलं गेलं, त्यांनाच तो पडायचा.

सासूबाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पाटलाची काय छाती! डोंगर केवढा तो."

विहीणबाई हसल्या आणि कड्याकडे बघत राहिल्या. वरून पोरांच्या हाका येत होत्या. आमचे हे माथ्याजवळच्या लोखंडी क्रुसापाशी पोचले होते, आणि ओट्यावरून खाली उतरायचं कसं, हे विचारत होते.

परतल्यावर त्या कागदाची झेरॉक्स आम्ही इकडे आणली. आतापर्यंत तीन बैठकांत वाचून दाखवली. गावाच्या नावाची अक्षरं कुणी एक वाचतं, कुणी दुसरं. एका म्हाताऱ्या बाईनं तर त्यातून स्वतःच्या माहेरचंच नाव काढलं, आम्ही लिहून घेतलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मोरसला गेलेल्या माणसाची, किंवा गेली ती परत आलीच नाही अशा बाईची काही गोष्ट असेल, तर केंद्रावर कळवा.

येत्या नवरात्रात नणंदेकडचे सहाजण येत आहेत. घोटीवरून बारीला जायचं, पहाटे चढायला लागायचं, असं ठरलंय. बारीतल्या एका ताईंना पिठलं-भाकरीचं सांगून ठेवलंय. परवा विहीणबाईंचा फोन आला होता. विचारत होत्या, दोर आहे का?

सासूबाई म्हणाल्या, "शिड्या आहेत. या तुम्ही."