न दुखणाऱ्या पायाची गोष्ट

दसरा झाला की कोजागरीला लातूर-नांदेडकडची माणसं तुळजापूरची वाट धरतात. कितीजणी तर अनवाणी. माझी आत्याही औशाहून दोन दिवस अनवाणी चालत गेली. नऊ वर्षांपासून तिला साखरेचा आजार, गोळी चालू. देवीचं दर्शन घेऊन आली, आनंदात होती. दुसऱ्या दिवशी सारवलेल्या ओसरीवर सुनेला रक्ताचे ठिपके दिसले. पाहिलं तर आत्याच्या तळपायात बाभळीचा काटा अख्खाच्या अख्खा रुतलेला. त्या काट्यावर ती किती कोस चालली होती कोण जाणे. सून रडायला लागली, तर आत्या म्हणते, "अगं, कशाला रडतीस, मला कुठं दुखतंय?"

ते दुखलं नाही, हाच तर घात होता. महिनाभराने आत्याच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. आज त्या "न दुखण्याचा" इतिहास सांगते. तो आपल्या मुंग्यांपासूनच सुरू होतो.

पाय बधिरला की आपण म्हणतो, पायाला मुंग्या आल्या. आपल्या जुन्या वैद्यांनीही या आजारात मुंग्या पाहिल्या होत्या, पण खऱ्याखुऱ्या. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, म्हणून ती गोड असली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. त्यावरूनच मधुमेह हे नाव पडलं. चरकसंहितेत तर या आजाराच्या आधी दिसणाऱ्या खुणांमध्ये हातापायांची आग होणं आणि ते सुन्न पडणं, दोन्ही नोंदवलेलं आहे. तिथे सुन्नपणाला शब्द वापरलाय "सुप्तता". म्हणजे पाय झोपी जाणं.

युरोपात मात्र बराच काळ उलटं समजत. नसा बिघडतात, त्यामुळे मधुमेह होतो, असं काही डॉक्टर मानत. १८६४ मध्ये मार्शाल द काल्व्ही नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलं की आधी मधुमेह होतो आणि तोच नसांना बिघडवतो. पण त्या काळी औषधच नव्हतं. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, आणि मरणाच्या दारातली मुलं जगायला लागली. माणसं वर्षानुवर्षं मधुमेह घेऊन जगू लागली, तेव्हा हळूहळू होणारं नुकसानही दिसू लागलं. डोळे, मूत्रपिंड आणि पाय.

पायच आधी का? बघा, शेताला पाणी सोडलं तर पाट फुटला, आटला तर पहिला कोरडा कोण पडतो? शेवटचा वाफा. आपल्या अंगातल्या सगळ्यात लांब नसा पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जातात. रक्तात साखर फार राहिली की नसा आतून बिघडतात, आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. कुणाला आधी आग होते, रात्री टोचल्यासारखं वाटतं. मग सगळं शांत होतं. बाईला वाटतं, बरं झालं. खरं तर नस मुकी झालेली असते.

याला साथ देते ती आतली सूज. डॉक्टर तिला दाह म्हणतात. काटा मोडला की भोवती लाल होतं, ठणकतं, शरीर लढतं आणि चार दिवसांत ओसरतं. हा चांगला दाह. पण पोटावर चरबी साठली की ती रक्तात अशी द्रव्यं सोडते की शरीराला सतत वाटतं, कुठेतरी लढाई चालू आहे. राखेखाली गोवरी धुमसावी तसा हा दाह वर्षानुवर्षं धुमसतो. त्याने इन्सुलिनचं काम अडतं, रक्तवाहिन्या आणि नसा होरपळतात. मिश्री-तंबाखूने रक्तवाहिन्यांचं आणखी नुकसान होतं.

आता वेल्लोरला जाऊ. तमिळनाडूतल्या या गावी १९४६ मध्ये पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद आले. ते कुष्ठरुग्णांवर उपचार करत. महारोगात बोटं आपोआप झडतात, मांसच सडकं असतं, असा तेव्हा समज होता. एकदा त्यांना एक गंजलेलं कुलूप उघडेना. एका लहान कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली धरली आणि झटक्यात फिरवली. ब्रँड यांनी पाहिलं तर त्याच्या बोटातून रक्त वाहत होतं. त्याला पत्ताच नव्हता. तिथे उलगडा झाला. मांस चांगलंच असतं. दुखत नाही म्हणून माणूस हातपाय जपत नाही, आणि जखमेवर जखम होत जाते. त्या जखमेला आराम दिला तर ती तुमच्या-आमच्यासारखीच भरते. पुढे ब्रँड अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे शिकलेलं बधिर पायांचं शास्त्र मधुमेहाच्या रुग्णांनाही लागू पडलं. मऊ तळाची चप्पल, रोज पाय पाहणं, जखमेवर भार न देणं, हे नियम असे महारोग्यांच्या पायांनी जगाला शिकवले. आपल्याकडे अजून काही बाया पाय सुन्न झाला की लोक महारोग म्हणतील या भीतीने लपवतात. लपवू नका. कुष्ठरोगही औषधाने बरा होतो, आणि मधुमेहाचा पायही वाचतो.

३० सप्टेंबर १९९३ ही तारीख आपल्यापैकी कुणाला सांगावी लागत नाही. किल्लारीची ती पहाट. त्याच तारखेच्या एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. इन्सुलिनवर जगणाऱ्या १,४४१ रुग्णांना सरासरी साडेसहा वर्षं पाहिलं होतं. ज्यांची साखर नीट काबूत ठेवली, त्यांच्यात नसांचा बिघाड सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे हे नशीब नव्हे, ते टाळता येतं. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात, जो आपल्याकडे जास्त आहे, एकट्या साखरेवर भागत नाही. रक्तदाब, पोटाचा घेर आणि तंबाखूही सांभाळावी लागते.

त्याच १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त होतं. म्हणजे "मी तर काटकुळी, मला कशाला साखर होईल" हे खरं नाही. पुण्यातच पुरुषांचा अभ्यास झाला, तेव्हा खेड्यातल्यांपेक्षा शहरी मध्यमवर्गात चरबी आणि दाहाच्या खुणा जास्त सापडल्या. आता आपल्या खेड्यातही बसून राहणं वाढलंय.

त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. नसांना ते लागतंच. ते दूध, दही, अंडी, मांस-मासळीतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. आणि घरात दूध कुणाच्या वाट्याला येतं, हे मी तुम्हाला काय सांगू! त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणखी कमी होऊ शकतं. गोळी चांगली आहे, मनाने बंद करू नका. फक्त डॉक्टरांना विचारा, "माझं बी-१२ तपासायचं का?"

आता एक काम. येत्या बचत गटाच्या बैठकीत दोघी-दोघी बसा. एकीने डोळे मिटायचे. दुसरीने बोटाच्या टोकाने तिच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा ठिकाणं अलगद टेकवायची. दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. ही साधी तपासणी इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी काढली, तिला पैसा लागत नाही. तिशीनंतर साखर तपासायला आशाताईंना सांगा, उपकेंद्रात ती मोफत होते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहायचा किंवा नातवाला दाखवायचा. सोयाबीनच्या धसकटात अनवाणी जायचं नाही. चप्पल घालण्याआधी झटकायची. थंडीत शेकोटीला पाय लावायचे नाहीत, गरम पाणी पायाने नव्हे, कोपराने बघायचं. भोवरी ब्लेडने कापायची नाही. जखम झाली की हळद लावून आठवडा काढायचा नाही, त्याच दिवशी दाखवायची.

यंदा आत्या परत तुळजापूरला निघाली. सुनेने मऊ चप्पल पुढे ठेवली. आत्या जरा थांबली, म्हणाली, "देवीला चालंल का?" सून म्हणाली, "आत्या, पाय पण तिनंच दिलेत की."

आत्याने चप्पल घातली.