‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’: एका यादीचा तेराशे वर्षांचा प्रवास

मागच्या वेळी आपण भरतापाशी थांबलो होतो. नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. ही संख्या पुढे वाढत वाढत शंभरावर कशी गेली, त्याचा हिशेब आज मी देणार नाही. आज एकच गोष्ट घ्यायची आहे, आणि ती तुमच्या-माझ्या वहीत होती.

उपमा कशी ओळखायची? सम, समान, सारखा, प्रमाणे, वाणी, परी. उत्प्रेक्षा कशी ओळखायची? जणू, जणूकाय, गमे, वाटे, भासे. दहावीला बसलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ही यादी येते. ओळीखाली रेघ मारायची, शब्द शोधायचा, अलंकाराचं नाव लिहायचं, गुण घ्यायचे. कविता वाचावी लागतच नाही. (हशा) हसू नका, मी शिक्षकांना दोष देत नाहीये. मला विचारायचंय ते एवढंच, की ही यादी आली कुठून? सगळ्यांना वाटतं ती गाइडवाल्यांनी केली. तसं नाही. ती फार जुनी आहे.

इसवी सन 700च्या आसपास, दक्षिणेत कांचीला, पल्लवांच्या राज्यात दंडी नावाचा लेखक होऊन गेला. ‘दशकुमारचरित’ ज्याच्या नावावर आहे तोच हा. त्याने ‘काव्यादर्श’ लिहिला. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात, उत्प्रेक्षेच्या प्रकरणाच्या शेवटी तो सांगतो की उत्प्रेक्षा काही शब्दांनी सूचित होते. कोणते शब्द? मन्ये, शंके, ध्रुवम्, प्रायः, नूनम्. म्हणजे मला वाटतं, शंका येते, नक्कीच, बहुधा, खरोखर. आता आपली यादी त्याच्याशेजारी ठेवा. ‘मन्ये’ म्हणजे ‘वाटे’ किंवा ‘गमे’च की! आपण वहीत उतरवून घेतलं ते मुळात दंडीचं होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. ही यादी दंडी कधी देतो? एक लांबलचक भांडण संपवल्यावर.

भांडण एका ओळीवरून आहे. रात्रीचं वर्णन आहे, आणि कवी म्हणतो की अंधार अंगांना लेप लावतो आहे की काय. संस्कृतात तिथे ‘इव’ आहे. ‘इव’ म्हणजे सारखा; उपमेचा हुकमी शब्द. मग ही उपमाच, असं काही लोक म्हणत होते. दंडी म्हणतो, ‘इव’ कानावर पडला म्हणून यांना उपमेचा भ्रम झालाय. म्हणजे बघा, आपल्या मुलांची चूक तेव्हाचे पंडितही करत होते.

मग तो सात-आठ श्लोक खर्च करून एकेक दार बंद करत जातो. मी ते मराठी वाक्यावर करून दाखवतो. समजा वाक्य आहे, ‘लाटा जणू खडकाशी भांडत होत्या.’ उपमा म्हणायची तर दोन गोष्टी हव्यात, उपमेय आणि उपमान. लाटा हे उपमेय. उपमान कुठंय? ‘भांडत होत्या’ हे तर क्रियापद. क्रियापद उपमान होऊ शकत नाही, असं जुने जाणते सांगून गेलेत, हा दंडीचा पहिला मुद्दा. यावर समोरचा म्हणतो, बरं, क्रियापद नको, पण भांडणारा कुणीतरी त्या क्रियापदात आहेच ना? तो कर्ता हे उपमान धरा. दंडी म्हणतो, तो कर्ता क्रियेच्या पोटात गुंतलेला आहे, त्याला बाहेर ओढून दुसऱ्या कशाला जोडता येत नाही. बरं, ओढलाच बाहेर, तर त्याच्यात आणि लाटांत सारखं काय? भांडणं? मग भांडणं हेच उपमान आणि भांडणं हाच समान धर्म, असं दोन्हीकडून कसं चालेल?

तर मग इथे होतंय काय? इथे तुलना नाहीच. लाटा आपटताहेत हे खरं आहे, आणि कवीने त्या आपटण्याच्या जागी दुसरीच क्रिया कल्पिली आहे. एका गोष्टीकडे पाहून दुसरीच गोष्ट घडतेय असं मनाने उभं करणं, ही उत्प्रेक्षा. आणि हे सगळं सिद्ध झाल्यावर तो शब्द मोजून दाखवतो, आणि शेवटी म्हणतो की ‘इव’सुद्धा याच यादीत बसतो. लक्षात आलं? उपमेचा हुकमी शब्द त्याने मुद्दाम उत्प्रेक्षेच्याही यादीत घातला. शब्दावरून अलंकार ठरत नाही, हे सांगायला केलेली ही यादी आहे, आणि आपण ती शब्दावरून अलंकार ठरवायला वापरतो.

उपमेची त्याची यादी तर विचारूच नका. तिच्यात क्रियापदांची रांगच आहे. स्पर्धा करतो, जिंकतो, द्वेष करतो, हसतो, सौंदर्य चोरतो. चेहरा चंद्राशी स्पर्धा करतो म्हटलं की ‘सारखा’ कुठेच नाही, पण साम्य आहे, म्हणून दंडीच्या लेखी उपमा आहे. कसंही करून साम्य प्रतीत झालं की झालं, एवढी सैल व्याख्या आहे त्याची. तिच्यातून तो उपमेचे 32 प्रकार काढतो.

आता आपलं एक वाक्य घ्या. ‘पाऊस कोणावर तरी रागावल्यासारखा कोसळत होता.’ शब्द ‘सारखा’. यादीप्रमाणे उपमा. पण पाऊस कशासारखा? रागावलेल्या माणसासारखा, हे आपण पदरचं घालतो. वाक्यात माणूस नाही. वाक्यात आहे ते कोसळण्यामागे कल्पिलेलं कारण. माझ्या मते ही उत्प्रेक्षा. आणि ‘पाऊस सारखा पडतोय’ यात तर अलंकारच नाही, नुसता चिखल आहे. (हशा) उलट ‘तिचा आवाज जणू बासरी’ घ्या. यादी म्हणेल उत्प्रेक्षा, दंडीचा क्रियापदाचा निकष इथे लागू होत नाही. आवाज बासरीच आहे अशी कल्पना केली, की दोन्हींत फक्त साम्य दाखवलं? इथे वाद होऊ शकतो, आणि वर्गात तो होऊ द्यावा.

मग वाद गळला आणि यादी उरली, हे कसं झालं? एका माणसामुळे नाही. काव्यादर्श तर दूरवर गेला. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दरबारातला कन्नड ‘कविराजमार्ग’ त्याच्यावर बराचसा आधारलेला आहे. कन्नड देश कावेरीपासून आपल्या गोदावरीपर्यंत, असं म्हणणारा तोच हा ग्रंथ. तिबेटमध्येही काव्यादर्श भाषांतरित होऊन अभ्यासला गेला. पण पाठशाळेसाठी लागतं आटोपशीर पुस्तक. तेराव्या शतकाच्या सुमारास जयदेवाने (हा ‘गीतगोविंद’वाला नव्हे) ‘चंद्रालोक’ लिहिला. युक्ती नामी होती: एकाच छोट्या श्लोकात अर्ध्यात लक्षण, अर्ध्यात उदाहरण. पाठ करायला सोपं. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी त्यातलाच अलंकारांचा भाग घेऊन ‘कुवलयानंद’ केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावर अलंकार शिकली. अर्ध्या श्लोकात व्याख्या मावते, भांडण कुठून मावणार? म्हणजे छापील गाइड यायच्या कितीतरी आधी वाद बाहेर पडला होता.

हा जयदेव स्वतः भांडखोर होता, हे मात्र सांगितलंच पाहिजे. मम्मटाने काव्याच्या व्याख्येत म्हटलं होतं की क्वचित अलंकार नसला तरी चालेल. त्यावर जयदेव म्हणतो, अलंकाराशिवाय काव्य मानणारा उष्णतेशिवाय अग्नी का मानत नाही? असा माणूस पाठांतराचं पुस्तक लिहितो, आणि त्याच्या पुस्तकातलं पाठांतर तेवढं टिकतं.

चॅटमध्ये एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय, ‘सर, हे ठीक, पण परीक्षेत काय लिहायचं?’ यादी टाकू नका. पण तिच्याआधी मुलाला दोन प्रश्न विचारायला लावा. या ओळीत खरोखर दोन वस्तू शेजारी ठेवल्यात का? की वस्तू एकच आहे आणि तिच्याबाबत काहीतरी कल्पिलंय? त्याला दोन मिनिटं जास्त लागतील. त्या दोन मिनिटांत तो ओळ वाचेल.

पुढच्या व्याख्यानात ‘दृष्टांत’ घेऊ. अलंकारशास्त्रातला दृष्टांत वेगळा, महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’तला वेगळा, आणि देव स्वप्नात येऊन देतो तो तिसराच. तोवर ज्ञानेश्वरीचा कुठलाही एक अध्याय उघडून ‘जैसें’ आणि ‘ना तरी’ शोधून ठेवा. मात्र शोधून झालं की त्यांच्याखाली लगेच रेघ मारू नका.